सौजन्य : समस्त ग्रामस्थ मंडळ

भिंगारचा माणूस पाट्या वाचतच मोठा होतो. हौसेनं नव्हे, नाइलाजानं. गाव लष्करी छावणीला खेटून. त्यामुळं कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठं थांबायचं, कुठं फोटो काढायचा नाही आणि कुठं नुसतं रेंगाळणंही बरं नव्हे, हे सगळं पाटी सांगते. लष्कराच्या पाटीत ‘कृपया’ क्वचित असतं आणि ‘सहर्ष’ तर औषधालाही नसतं. मोजून आखलेली अक्षरं, कडेला चुना मारलेल्या विटा, विषय संपला. तिथून गावात शिरलं की लगेच दुसरं वाङ्मय सुरू होतं. अमुक भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, भाऊंचा हात वर, भाऊंच्या मागं वाघ आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले पंचवीस चेहरे. छावणीची पाटी विचारते, तू कोण? गावची पाटी सांगते, आम्ही कोण ते बघ! या दोघींच्या मधून शाळेत जा-ये केलेल्या माणसाला पुढं आयुष्यभर कुठलीही पाटी न वाचता ओलांडता येत नाही.

लोक गाडी काढून लेणी बघायला जातात, धबधब्याखाली उभे राहतात, हुरडा खायला जातात. आम्ही कमानी बघायला जातो. म्हणजे गावोगावच्या स्वागतकमानी, वेशीवरचे फलक, शाळांच्या रंगवलेल्या भिंती, पारावरचे सुविचाराचे फळे. या कलेला दालन नाही, तिकीट नाही आणि समीक्षक तर अजिबात नाही. पैसे पंचायतीचे असोत, आमदार निधीतले असोत की वर्गणीचे, त्यावरून होणारं भांडण मात्र शंभर टक्के गावचं असतं. माझ्या मते तीच तिच्या अस्सलपणाची खूण. ज्या चित्रावरून दोन भावकींत बोलणं बंद झालेलं नाही, ते चित्र लोककला म्हणून मोजायचं की नाही, याचा विचार करावा लागेल.

या कामाला नगर जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. क्षेत्रफळात राज्यात पहिला, १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. नगर शहरातून पुण्याला, मनमाडला, संभाजीनगरला, सोलापूरला, जामखेडला, पाथर्डीला, कल्याणला असे सगळ्या बाजूंना रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्याला दर दोन-चार किलोमीटरवर फाटा. जिथं फाटा तिथं चहाची टपरी, जिथं टपरी तिथं कमान. डिझेलचं बजेट संपतं, कमानी संपत नाहीत.

आमच्या पथकात माझा मेहुणा, कारण गाडी त्याची. बायको, कारण मेहुणा तिचा भाऊ. आणि मागच्या सीटवर खिडकीशी माझे मामा. मामांची सारी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात गेली. पाहुणा आला की ते त्याला आधी १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात नेतात, आणि नंतर घरी चहा पाजतात. त्यामुळं रस्त्यावर दिसणाऱ्या कुठल्याही वस्तूची उंची, जाडी आणि मजबुती यावर त्यांचं मत तयार असतं. कमान दिसली की मेहुणा म्हणतो, “दाजी, भारी आहे राव!” आणि मामा म्हणतात, “खांब बारीक पडलाय.”

मामांना भिंगारचा अभिमान जरा जास्तच आहे. नगरकर भिंगारला उपनगर समजतात, हे त्यांना मंजूर नाही. त्यांचा युक्तिवाद असा : १४९० साली मलिक अहमदनं बहमनी फौजेला हरवलं ते भिंगारजवळ, आणि त्या विजयाच्या जागी त्यानं नगर वसवलं. म्हणजे भिंगार आधी, नगर नंतर. त्यापुढं दोनशे वर्षांनी औरंगजेब दख्खनभर हिंडून दमला आणि १७०७ साली त्यानं डोळे मिटले तेही इथल्याच छावणीत. देह खुलताबादला गेला, त्याचं आलमगीर हे नाव भिंगारशेजारच्या वस्तीला राहून गेलं. “एवढाली मोठी माणसं येऊन गेली,” मामा सांगतात, “पण तेव्हा ग्रामपंचायत नव्हती. म्हणून कमानी राहून गेल्या.”

कमान कुठं असते, हे नवख्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. कमान गावात नसते, फाट्यावर असते. गाव आत तीन किलोमीटर, कधी पाच, कधी ‘आलंच की जवळ’ इतकं. परका माणूस सहर्ष स्वागत स्वीकारून कमानीखालून आत जातो आणि पाहतो तर दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये एक कुत्रं. स्वागत करायला कुणी नाही. आम्ही असेच एकदा आत गेलो, बराच वेळ गेलो, आणि पुढं दुसरी कमान लागली. ती शेजारच्या गावाची. तिच्यावर मागच्या बाजूनं लिहिलं होतं, ‘धन्यवाद, पुन्हा अवश्य या’. गाव बघायच्या आधीच आमचे आभार मानून झाले होते.

कमानीची रचना ठरलेली. दोन खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर मधोमध घोड्यावरचे महाराज किंवा ग्रामदैवत, आणि गावात दोन गट असले तर दोन्ही. खांबांच्या पायथ्याशी दोन सिंह. नगर जिल्ह्यात सगळ्यात जास्त आढळणारा प्राणी म्हणजे सिमेंटचा सिंह. उसातल्या बिबट्याचा नंबर त्याच्यानंतर लागतो. या सिंहांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. मूर्तिकारानं सिंह पाहिलेला नसतो, सरपंच पाहिलेले असतात. पारनेरच्या बाजूला एका कमानीवरचा डावा सिंह इतका गृहस्थी, इतका थकलेला दिसला की बायको म्हणाली, “अहो, याला कुणीतरी बसायला खुर्ची द्या.” उजवा मात्र चिडलेला होता. निवडणूक होऊन फार दिवस झाले नसावेत.

पण खरं वाचन सिंहांच्या मागं, खांबावर असतं. तिथं संगमरवरी पाटीवर दात्यांची नावं. वरती ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली चिरंजीव, त्याखाली नातवंडं, त्याखाली सध्याचे पदाधिकारी, त्याखाली माजी. गावाचं नाव फूटभर अक्षरात असेल तर सौजन्य सव्वा फूट. एका कमानीवर सौजन्याची अक्षरं इतकी ठसठशीत होती की मेहुण्याला बराच वेळ तेच गावाचं नाव वाटलं. “दाजी, हे गाव कुठल्या तालुक्यात येतं?” मी म्हटलं, “हे गाव नाही. हे पतसंस्थेचे चेअरमन आहेत.”

नावांचा क्रम हा तर फारच नाजूक प्रकार. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे गावातच मिटवा, बक्षीस मिळवा. कल्पना चांगलीच होती, आणि पुष्कळ गावांनी तंटे मिटवलेही. पण एका गावात (नाव सांगत नाही, त्या रस्त्यानं पुन्हा जायचंय) टपरीवाल्यानं सांगितलेली हकिकत अशी : बक्षीस मिळालं, फलक लावायचं ठरलं, आणि फलकावर आधी अध्यक्षांचं नाव की आधी सरपंचांचं, यावरून असा तंटा झाला की बरेच दिवस फलक कोराच राहिला. शेवटी तोडगा निघाला. दोन फलक. एक येताना दिसतो, एक जाताना. दोन्हीवर ‘तंटामुक्त गाव’ आणि दोन्हीवर वेगळं पहिलं नाव. मी म्हणतो, यापेक्षा चांगला तडजोडीचा नमुना संयुक्त राष्ट्रसंघालाही सापडला नसता.

जुन्या भिंती बघितल्या तर योजनांचे थर दिसतात. सगळ्यात खाली कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. त्यावर २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या घोषणा. त्यावर तंटामुक्ती, त्यावर पाणी अडवा पाणी जिरवा, त्यावर कुठल्या तरी सिमेंटची जाहिरात. पाऊस लागून वरचा चुना उडाला की खालचं वाक्य वरच्या वाक्यात मिसळतं आणि अर्थाचा काला होतो. हागणदारीमुक्तीच्या फलकाबद्दल मात्र बायकोचं मत कडक आहे. “गावाच्या तोंडाशीच हे कशाला लिहायचं? आपण आलेल्या पाहुण्याला दारातच सांगतो का, की आमच्याकडं आता संडास आहे म्हणून?” मामांचं म्हणणं, ज्यानं जुने दिवस पाहिलेत त्याला दारातच सांगावंसं वाटणारच.

पाथर्डी रस्ता भिंगारमधूनच जातो, म्हणून आमची स्वारी बहुधा तिकडंच वळते. थोडं पुढं गेलं की डोंगरावर चांदबिबी महाल दिसतो. गुगलपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्याला चांदबिबी महालच म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीतला वजीर दुसरा सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजली, घडीव दगडाची, सगळ्या पंचक्रोशीतून दिसणारी. चांदबिबीचा या इमारतीशी संबंध एवढाच की ती नगरसाठी शौर्यानं लढली आणि लोकांना तिचं नाव कुठंतरी उंचावर हवं होतं. बिचाऱ्या सलाबतखानानं डोंगर निवडला, दगड आणला, खर्च केला; नाव लागलं दुसऱ्याचं. खांबावर सौजन्याची पाटी लावायचं राहून गेलं की असं होतं. मामा तिथं पोचले की नेमानं म्हणतात, “बांधकाम बघ. याला म्हणतात खांब.”

करंजी घाट ओलांडून तिसगावच्या पुढं गेलो, तेव्हा एका गावात पारासमोर शिडीवर एक पेंटर दिसले. सत्तरीच्या आसपासचे. टोपी पांढरी, पायजमा सर्व रंगांचा. मेहुण्यानं गाडी आपोआप बाजूला घेतली. हल्ली हाताने लिहिणारा माणूस रस्त्यात दिसणं हे हरीण दिसण्याइतकं दुर्मीळ झालंय.

त्यांनी एका सुतळीला निळीची पूड चोळली, एक टोक खालच्या पोराला धरायला दिलं, ताणलं आणि मधोमध एक टिचकी मारली. भिंतीवर सरळ निळी रेघ. तिच्याखाली हातभर अंतरावर दुसरी. दोन रेघांच्या मध्ये खडूनं अक्षरांचे सांगाडे काढले, मागं सरकून डोळे बारीक करून पाहिले, एक सांगाडा फडक्यानं पुसून जरा डावीकडं घेतला. मग चपटा ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोनदा निरपला. काना काढताना ते श्वास धरत होते. वरून खाली, एका दमात, मध्ये ब्रश उचलायचा नाही. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. मग प्रत्येक अक्षराला उजवीकडून आणि खालून काळी सावली, आणि पाहता पाहता अक्षरं भिंतीतून बोटभर पुढं आली. सगळी मिळून ओळ झाली : ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’.

मी विचारलं, “बाबा, शिरोरेघ आधी का नाही काढत?”

“आधीच छप्पर घातलं तर खाली माणसं किती मावत्यात, कसं कळायचं?”

मग गाडी फ्लेक्सवर आलीच. ती न आली तरच नवल. फ्लेक्सवाल्याकडं चौरस फुटाचा भाव, तासाभरात काम, वर फोटो फुकट गोरा करून मिळतो. पेंटरला दोन दिवस लागतात आणि तो कुणाला गोरा करत नाही. मी सहज म्हटलं, “पण फ्लेक्सवर शुद्धलेखनाच्या केवढ्या चुका!” त्यावर ते हसले. “चुका आम्ही बी करायचो की. पण आमची चूक भिंतीवर धा वर्सं ऱ्हायची. येणारा-जाणारा नाव ठेवायचा. फ्लेक्सची चूक आठ दिसात वाऱ्यानं फाटती. चुकायचं भ्याच ऱ्हायलं न्हाई.”

मराठी भाषेच्या आजच्या अवस्थेवर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत. इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

फ्लेक्सच्या बाबतीत मी पूर्वग्रहदूषित आहे हे खरंच. पण आमच्या पट्ट्यात त्यानं जे काही केलंय, त्याची नोंद घेतलीच पाहिजे. दशक्रिया विधीचे फ्लेक्स बघा. फाट्यावर भलाथोरला फलक. त्यात प्रवचनकार महाराजांचा मोठा फोटो, उपस्थित राहणाऱ्या मान्यवरांचे मध्यम फोटो, शोकाकुल परिवाराचे लहान फोटो, आणि या गर्दीत ज्याच्यासाठी हे सगळं, तो गोल चौकटीत एका कोपऱ्यात. मेहुण्यानं एकदा चालत्या गाडीतून नमस्कार केला. पुढं गेल्यावर लक्षात आलं की त्यानं नमस्कार केलेले गृहस्थ प्रमुख पाहुणे होते, चांगले धडधाकट. “जाऊ द्या दाजी,” तो म्हणाला, “आयुष्य वाढतं म्हणे.” त्याच खांबावर लगोलग अखंड हरिनाम सप्ताह, बैलगाडा शर्यत आणि कुणाची तरी पोलीस भरतीत निवड. जन्म, मरण, नोकरी आणि बैल हे सगळं एकाच विजेच्या खांबाला बांधलेलं. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. तो कुठंतरी फ्लेक्सच्या मागं असावा.

फ्लेक्सचा एकच उपयोग मला मान्य आहे, आणि तो शेतकऱ्यांनी शोधलाय. कार्यक्रम उरकला की फ्लेक्स कांद्याच्या ढिगावर नाहीतर कडब्याच्या गंजीवर जातो. जूनमध्ये फिरलं तर शेताशेतांत भावी आमदार उताणे पडून पाऊस अडवताना दिसतात. जनसेवा म्हणतात ती हीच.

मढीचा कानिफनाथ गड पाथर्डीच्याच बाजूला. रंगपंचमीच्या यात्रेला तिथं गाढवांचा बाजार भरतो, तो बघण्यासारखा असतो. पण कानिफनाथांचं नाव वाचायला मढीला जायची गरज नाही. महाराष्ट्रात कुठंही जा, रसवंती गृहावर ‘कानिफनाथ’ नाहीतर ‘नवनाथ’ असतंच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, शेजारी उसाची मोळी आणि बर्फ न टाकण्याची विनंती केली की तोंड वाकडं करणारा मुलगा. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला तर खरे बैल जुंपलेल्या रसवंत्यांची रांगच आहे. बैल गोल फिरतो, रस निघतो, आणि पाटीवरचा रंगवलेला बैल त्याच्यापेक्षा जास्त तुकतुकीत असतो.

शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे सगळ्या जगाला ठाऊक. २०११ साली तिथं युको बँकेची बिनकुलपाची शाखा निघाली तेव्हा देशभर बातमी झाली. मामांना त्यात नवल वाटत नाही. “घराला दार नाही म्हणून एवढा गाजावाजा, आणि बाकीच्या गावांच्या कमानींना तरी कुठं आहे? एवढाले दरवाजे बांधायचे, दोन-दोन सिंह बसवायचे, आणि फळ्या कुणीच लावायच्या नाहीत!”

तिथून नेवासं जवळ. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती १२९० साली, पैसाच्या खांबापाशी. तो खांब बघायला गर्दी असते, पण त्याच्यावर काय कोरलंय हे फारसं कुणी वाचत नाही. आम्ही पाट्या वाचणारे, आम्ही पहिल्यांदा तेच विचारलं. त्यावर आहे एक दानलेख. करवीरेश्वराच्या देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या देणगीची नोंद. म्हणजे मराठीतला एवढा मोठा ग्रंथ ज्या खांबाशेजारी सांगितला गेला, त्या खांबावर आधीपासून सौजन्याचा मजकूर होता. फरक इतकाच की दात्यानं आपला फोटो कोरला नाही. त्यानंतर कमानीच्या खांबांवरच्या चेअरमनांकडं मी थोड्या ममतेनं बघायला लागलो. परंपरा जुनी आहे. तपशील बिघडलाय.

दाखवण्यासारखं काही केलेल्या गावाची पाटी वेगळी असते, हे हिवरे बाजारला कळतं. पोपटराव पवार तिथं सरपंच होते, २०२० साली पद्मश्री जाहीर झालेले. गावाला गमतीचं म्हणावं असं एकच व्यसन आहे : हिशेब. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, प्यायला किती, गुरांना किती, उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं आणि कुठलं घ्यायचं नाही, असा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडला जातो. भिंतीवर सुविचार लिहायला अक्कल लागत नाही. आकडे लिहायला लागते, कारण ते पुढच्या वर्षी बदलावे लागतात. मेहुणा गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दाजी, आमच्या गावानं असा फळा लावला ना, तर पहिला खडू चोरीला जाईल.”

बायकोचा ओढा शाळांकडं. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं या राज्यातलं सगळ्यात मोठं चित्रप्रदर्शन आहे, असं तिचं मत. ते खोडून काढण्यासारखं माझ्याकडं काही नाही. लोकवर्गणी काढायची, गुरुजींनी पेंटर शोधायचा, आणि व्हरांड्यापासून मुतारीपर्यंत काही कोरं ठेवायचं नाही. पायरी चढताना पाढे, खांबावर समानार्थी शब्द, छताला सूर्यमाला. कित्येक शाळा तर आगगाडीच्या डब्यासारख्या रंगवलेल्या. निळा डबा, खिडक्या, दारावर ‘शिक्षण एक्सप्रेस’. ज्या वाडीला अजून धड एसटी येत नाही तिथं कायमची रेल्वे उभी. अशा एका गाडीच्या दारात एक पोरगं बसलेलं होतं. मामांनी विचारलं, “काय रे, ही गाडी कुठं जाते?” तो म्हणाला, “कुठं न्हाई. चारच्या पुढं दुसरी शाळा हाय, तालुक्याला.”

जिल्ह्याबाहेर आम्ही खास पाट्यांसाठी गेलो ते भिलारला. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. चित्रकारांनी घरांच्या भिंती रंगवल्या आणि कुणाच्या ओसरीवर कथा, कुणाच्या पडवीत चरित्रं अशी पुस्तकं मांडली गेली. पाटी बघून घरात शिरायचं, खुर्चीत बसायचं, वाचायचं. कुणी हटकत नाही. भिंगारमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. मी पहिल्या घरासमोर बराच वेळ ‘प्रवेश बंद’ची पाटी शोधत होतो. मामांनी एका ओसरीवर रणगाड्यांवरचं पुस्तक मागितलं, ते मिळालं नाही, आणि गावाबद्दलचं त्यांचं मत तिथंच पक्कं झालं.

हल्ली मात्र कमानीला सवत आली आहे. ‘आय लव्ह अमुक’. चौकात माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं, मध्ये लाल बदाम, रात्री आत दिवे, आणि समोर पोरापोरींची फोटोला रांग. हे खूळ मूळ न्यूयॉर्कचं. मिल्टन ग्लेझर नावाच्या चित्रकारानं १९७७ साली त्या राज्याच्या पर्यटनासाठी तो बदाम काढला, आणि आता तो आपल्या नगरपालिकांच्या खर्चात येऊन बसलाय. ॲमस्टरडॅमनं तशी अक्षरं आपल्या मोठ्या संग्रहालयासमोर लावली होती. २०१८ च्या डिसेंबरात पालिकेनंच ती काढून टाकली. म्हणजे तिकडं बदाम उतरतोय आणि इकडं चढतोय. हॉलिवूडच्या टेकडीवरची ती प्रसिद्ध अक्षरंसुद्धा १९२३ साली ‘हॉलिवूडलँड’ अशी होती. ती प्लॉट विकायची जाहिरात! ‘लँड’ हे १९४९ साली गेलं. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा मेहुणा ताठ बसला. सोलापूर रस्त्याला, पुणे रस्त्याला ‘एनए प्लॉट, सुलभ हप्ते, रजिस्ट्री त्वरित’ असे फलक मैलोगणती लागतात. “म्हणजे दाजी, यातला एखादा शंभर वर्षांनी जगप्रसिद्ध होणार!” त्याची एका प्लॉटवर आधीपासून नजर होती, असं बायकोनं नंतर सांगितलं.

बदामाच्या अक्षरांवर माझा राग नाही. आक्षेप एवढाच की ती सगळीकडं सारखी. मधलं नाव बदललं की गाव बदललं. कमानीवरचा थकलेला सिंह दुसऱ्या कुठल्या गावाला देता येत नाही.

सध्या आमच्याकडं पाटी वाचणाऱ्यांना सुकाळ आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून जिल्हा आणि शहर अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी मूळच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. नावाला जिल्ह्याचाच आधार आहे. पण जिल्ह्यातल्या एवढ्या पाट्या एका रात्रीत बदलत नसतात. एका फाट्यावर नवं नाव, पुढच्या मैलाच्या दगडावर जुनं, आणि म्हातारी माणसं एसटीत कंडक्टरला सांगतात, “एक नगर द्या.” ते ‘नगर’ दोन्हीकडं चालतं, हे त्यातलं शहाणपण. एसटीशी या शहराचं नातं तसं जुनं. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती नगर-पुणे याच रस्त्यावर. त्या पहिल्या गाडीच्या कपाळावरची पाटी जपून ठेवली असती, तर मी तिच्यासाठी पायी गेलो असतो.

मैलाच्या दगडांचं सांगायचं राहिलं. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्यमार्गाचं हिरवं. इतकी शिस्तशीर गोष्ट आपल्या रस्त्यावर दुसरी नाही. पण गावोगावच्या टाकळ्या आणि पिंपळगावं यांच्यापुढं तिचाही इलाज चालत नाही. टाकळी ढोकेश्वर वेगळी, टाकळी काझी वेगळी, टाकळी खातगाव वेगळी. एका फाट्यावर पाटी होती, पण नावाच्या दुसऱ्या अर्ध्यावर कुणा दादांचा वाढदिवस चिकटवलेला. नुसती ‘टाकळी’ दिसत होती आणि शेजारी दादा हसत होते. आम्ही टपरीवर विचारलं, “ही कुठली टाकळी?” तो म्हणाला, “तुम्हाला कुठली पायजे?”

तेव्हा पुढची कमान बांधायच्या बेतात असलेल्या तमाम ग्रामपंचायतींना, सरपंच-उपसरपंचांना आणि माजी सरपंचांना (ते रागावू नयेत म्हणून) हात जोडून विनंती आहे. कमान जरूर बांधा. सिंह बसवा, पण मूर्तिकाराला एकदा पुण्याच्या कात्रजला नेऊन सिंह दाखवा. तुळई इतकी उंच घ्या की उसाची भरलेली ट्रॉली खालून जाईल. नाहीतर पहिल्याच हंगामात ‘स्वागत’ जातं आणि ‘सहर्ष’ तेवढं उरतं. गावाचं नाव सौजन्यापेक्षा एक बोट तरी मोठं ठेवा. गाव आत किती किलोमीटर आहे ते खरं लिहा. त्यावर फ्लेक्स बांधायला येणाऱ्याला, मग तो भाचा असो की पुतण्या, चहा पाजून परत पाठवा. आणि अक्षरं लिहायला पेंटर बोलवा. त्याचा नंबर तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात खाली लिहिलेला असतो.